थांबणारा माग

(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी इचलकरंजीला घरी गेले होते. आमच्या घराच्या मागच्या अंगाला अण्णांचा छोटासा कारखाना आहे. साधे यंत्रमाग, सारे मिळून आठ. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे, माग आमचे, आणि कापड विणून दिल्यावर मीटरमागे जी मजुरी मिळेल ती आमची कमाई. त्या आठ मागांच्या खडखडाटातच मी वाढले. माग बंद पडले, की आम्हां भावंडांना झोपेतून जाग येत असे!

माझा थोरला भाऊ पुण्याला सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला आहे. त्या सुट्टीत तो घरूनच काम करीत होता. रोज सकाळी दहाच्या ठोक्याला तो संगणक उघडून बसे आणि त्याच्या गटातील सात-आठ जण पंधरा मिनिटे आपसांत बोलत. काल काय केले, आज काय करणार आणि कुठे अडले आहे, एवढेच प्रत्येकाने सांगायचे. पडद्यावर तीन रकान्यांचा एक फलक असे : करायचे, चालू असलेले आणि झालेले. प्रत्येक कामाची एक चिठ्ठी आणि ती एका रकान्यातून दुसऱ्यात सरकत जायची. या फलकाला ते लोक कानबान म्हणतात, असे दादाने सांगितले. शब्द जपानी आहे, हे ऐकून मला नवल वाटले. अमेरिकन गिऱ्हाइकासाठी पुण्यातली मुले काम करतात, त्यात हा जपानी शब्द कुठून आला?

दादाने थोडक्यात सांगितले ते असे. फेब्रुवारी 2001 मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात 17 सॉफ्टवेअरतज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी काम करण्याची एक तत्त्वप्रणाली मांडली. तिला ॲजाइल, म्हणजे चपळ, असे नाव पडले. दोन-दोन वर्षांच्या योजना आखून शेवटी एकदम डोंगराएवढे काम पुढे करण्याऐवजी थोडे थोडे करून दाखवावे, गिऱ्हाइकाशी बोलत राहावे, चूक लवकर उघडी पडू द्यावी आणि कागदी नियमांपेक्षा माणसांवर भिस्त ठेवावी, असा तिचा गाभा. याच सुमारास सॉफ्टवेअरवाल्यांनी टोयोटा या जपानी मोटार कंपनीच्या कार्यपद्धतीचाही अभ्यास सुरू केला आणि कानबान तिथून आले. शेवटी तो सहज म्हणून गेला, की ही मोटार कंपनी मुळात मागांच्या कारखान्यातून निघाली आहे.

माग! अर्थशास्त्राची विद्यार्थिनी आणि मागवाल्याची मुलगी, या दोन्ही नात्यांनी मला राहवेना. सुट्टी संपताच ग्रंथालय गाठले आणि साकिची तोयोदा या माणसाची ओळख झाली. ती ओळख आपल्यालाही करून द्यावी, म्हणून हा लेख. अर्थात त्यामागे आणखी एक कारण आहे. ते शेवटी सांगेन.

साकिचीचा जन्म 14 फेब्रुवारी 1867 रोजी जपानमधील यामागुची नावाच्या खेड्यात झाला. आज हे गाव शिझुओका प्रांतातील कोसाई शहरात मोडते. वडील सुतारकाम करीत आणि आई घरी हातमागावर कापड विणी. त्याच्या जन्मानंतर वर्षभरातच जपानमध्ये मेईजी राजवट सुरू झाली आणि शतकानुशतके दारे लावून बसलेला तो देश धडपडत जगाबरोबर धावू लागला. साकिचीचे शिक्षण बेताचेच झाले. वडिलांच्या हाताखाली तो रंधा-करवत शिकला. परंतु त्याचे चित्त सुतारकामात रमेना. गावातल्या तरुणांना जमवून रात्री वर्तमानपत्रे आणि पुस्तके वाचायची, देशाचे पुढे कसे होणार यावर चर्चा करायच्या, असा त्याचा क्रम असे. 1885 मध्ये जपान सरकारने पेटंटचा कायदा केला. गरिबाच्या पोरालाही आपल्या डोक्याच्या बळावर काही करून दाखवता येईल, हा विचार त्या अठरा वर्षांच्या मुलाच्या मनात तेव्हापासून घर करून बसला.

मग करायचे काय? त्याने दूर पाहिले नाही. आईच्या मागाकडे पाहिले. एका हाताने धोटा फेकायचा, दुसऱ्या हाताने झेलायचा, मग फणी ठोकायची, पुन्हा धोटा. दिवसभर खपून हातभर कापड. साकिची धान्याच्या कोठारात माग जोडी, मोडी, पुन्हा जोडी. वडील रागावत आणि गावकरी त्याला खुळ्यात काढीत. 1890 मध्ये तोक्योच्या उएनो भागात राष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले होते. साकिची तिथे अनेक दिवस फेऱ्या घालून परदेशी यंत्रांपुढे तासन् तास उभा राहिला. त्याच वर्षी त्याने लाकडी हातमागाची सुधारणा पुरी केली आणि पुढच्या वर्षी त्याला पहिले पेटंट मिळाले. एका हातानेच धोटा आणि फणी दोन्ही चालतील, अशी ती रचना होती. कापड पूर्वीपेक्षा जवळजवळ दीडपट निघू लागले आणि दर्जाही सुधारला.

परंतु या पेटंटाने पोट भरले नाही. तोक्योत त्याने हे माग लावून छोटा विणकारखाना काढला, तो चालला नाही. लग्न झाले होते. 1894 मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव कीइचिरो. पण संशोधनाच्या पाठीमागे घरादाराकडे पाठ फिरवणाऱ्या नवऱ्याला कंटाळून पत्नी ते तान्हे मूल ठेवून माहेरी निघून गेली. थोर माणसांच्या चरित्रांतून असा प्रसंग एका ओळीत उरकण्याची पद्धत आहे. मला मात्र तो उरकता येत नाही. आईचे कष्ट वाचावेत म्हणून माग सुधारणारा माणूस आपल्या बायकोचे कष्ट पाहू शकला नाही, हेही त्याच्या चरित्रातच धरले पाहिजे. पुढे 1897 मध्ये त्याने आसाको हिच्याशी दुसरा विवाह केला. तिने घर आणि कारखान्याचा व्यवहार दोन्ही सांभाळले, म्हणून साकिचीला यंत्रापाशी बसता आले.

1896 मध्ये साकिचीने वाफेच्या शक्तीवर चालणारा यंत्रमाग तयार केला. जपानी माणसाने बनवलेला तो पहिला यंत्रमाग. लाकूड आणि लोखंड दोन्ही वापरून केलेला, म्हणून परदेशी मागांच्या मानाने पुष्कळच स्वस्त. या मागात एक छोटी सोय होती आणि आपल्या विषयाचे बीज त्या सोयीत आहे. आडवा धागा तुटला किंवा कांडी संपली, की माग आपोआप थांबे.

वाचकहो, ज्यांनी माग जवळून पाहिलेला नाही त्यांना यात विशेष काय ते कळणार नाही. कापडात उभे धागे हजारोंनी असतात आणि त्यांतून धोटा आडवा धागा घेऊन मिनिटाला शंभराहून अधिक वेळा ये-जा करतो. एक धागा तुटला आणि माग तसाच चालत राहिला, तर खोट कापडात विणली जाते. पाच मिनिटांनी पाहिले तर वीतभर कापड वाया, अर्ध्या तासाने पाहिले तर तीन हात. म्हणून प्रत्येक मागापाशी डोळ्यांत तेल घालून माणूस उभा ठेवावा लागतो. माग स्वतःच थांबू लागला, की माणूस पहारेकरी राहत नाही. माग थांबला तिथे जायचे, धागा जोडायचा, माग सुरू करायचा. चूक पुढे सरकत नाही. जिथे झाली तिथेच, त्याच क्षणी पकडली जाते.

अशा युक्त्या इंग्लंड-अमेरिकेतील मागांनाही लावल्या जात होत्या, हे इथे सांगितले पाहिजे. साकिचीचे वैशिष्ट्य हे, की त्याने या एका विचाराचा तीस वर्षे पिच्छा सोडला नाही.

या तीस वर्षांत त्याला भागीदार मिळाले आणि दुरावलेही. त्याच्या मागावरचे कापड एकसारखे उतरते, हे मित्सुई या बड्या व्यापारी पेढीच्या लक्षात आले. तिच्या पुढाकाराने 1899 मध्ये कंपनी निघाली. तिचा तो मुख्य अभियंता झाला; परंतु मंदी आली आणि संशोधनाला पैसा मिळेना, तेव्हा बाहेर पडला. 1907 मध्ये त्याच्याच नावाची माग बनवणारी कंपनी स्थापन झाली. तीन वर्षांनी धंदा घसरल्यावर 1910 मध्ये त्याच कंपनीतून त्याला राजीनामा देऊन निघावे लागले. व्यवस्थापकांना माग विकायचे होते. साकिचीला ते आधी पुरते पारखायचे होते. प्रत्यक्ष कारखान्यात, रोजच्या कामात वापरून सिद्ध झाल्याखेरीज यंत्र बाजारात आणू नये, हा त्याचा आग्रह होता. कागदावरच्या आराखड्यावर त्याचा विश्वास नव्हता.

खचलेल्या मनाने तो अमेरिकेला गेला. तिथले माग त्याने बारकाईने पाहिले आणि आपण फार मागे नाही, अशी त्याची खात्री पटली. न्यूयॉर्कमध्ये जोकिची ताकामिने या प्रसिद्ध जपानी रसायनशास्त्रज्ञाची भेट झाली आणि त्याच्या बोलण्याने साकिचीला पुन्हा उभारी आली. युरोप पाहून तो 1911 मध्ये परतला आणि नागोया येथे त्याने स्वतःचाच विणकारखाना उभारण्यास घेतला. कापड विकून पैसा उभा करायचा आणि त्याच मागांवर नवे प्रयोग करायचे, अशी ही योजना. माग बनवणारा आणि माग वापरणारा एकाच छपराखाली आले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दादाच्या व्यवसायात गिऱ्हाइकाला दर पंधरा दिवसांनी काम दाखवतात ते याचसाठी. करणारा आणि वापरणारा एकमेकांपासून दूर गेले, की चूक उशिरा कळते.

मुलगा कीइचिरो तोक्यो विद्यापीठातून अभियंता होऊन आला. वडिलांचे शिक्षण अनुभवाचे, मुलाचे पुस्तकांचे. पण दोघांची आणि कारखान्यातील सहकाऱ्यांची मिळून जोडी जमली. कारिया येथे चाचणीचा कारखाना काढून तिथे त्यांनी माग चालवून पाहिले, उणिवा शोधल्या, सुधारल्या. 1924 मध्ये जी-प्रकारचा स्वयंचलित माग सिद्ध झाला. पूर्ण वेगात चालत असतानाच हा माग संपलेला धोटा बाजूला सारून भरलेला धोटा आत घेई. आणि उभा वा आडवा, कोणताही धागा तुटला तर जागच्या जागी थांबे. एक कामगार 30 ते 50 माग सांभाळू शकू लागला. 1926 मध्ये हे माग बनवण्यासाठी कारिया येथे स्वतंत्र कंपनी निघाली. 1929 मध्ये तर नवलच घडले. ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स या इंग्लंडमधल्या नामांकित यंत्रकंपनीने या मागाचे हक्क 1,00,000 पौंडांना घेण्याचा करार केला. ज्या देशाकडून जपान यंत्रे आणीत होता, तोच आता जपानी सुताराच्या मुलाकडे आला होता.

30 ऑक्टोबर 1930 रोजी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, साकिचीचे निधन झाले. कीइचिरोने मागांच्या कंपनीत 1933 मध्ये मोटारीचा विभाग काढला आणि 1937 मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्वतंत्र झाली. तोयोदांच्या सूतगिरणीत 1932 पासून नोकरीला असलेला ताइइची ओनो हा तरुण 1943 मध्ये मोटार कारखान्यात आला. येताना मागांचा अनुभव बरोबर घेऊन आला. माग धागा तुटल्यावर थांबतो, मग मोटारींची रांग चूक दिसल्यावर का थांबू नये, हा प्रश्न त्याला पडणे साहजिकच होते. पुढे टोयोटात अशी व्यवस्था झाली, की रांगेवरच्या कोणाही कामगाराने दोरी ओढावी. दिवा लागतो, गटप्रमुख धावून येतो आणि अडचण सुटली नाही तर सारी रांग थांबते. कानबानची चिठ्ठीही ओनोचीच. पुढच्याने मागितल्याखेरीज मागच्याने माल करू नये, म्हणजे अर्धवट कामांचे ढीग साचत नाहीत. या स्वतः थांबण्याच्या तत्त्वाला टोयोटातले लोक जिदोका म्हणतात. स्वयंचलन या अर्थाच्या जपानी शब्दातील एका अक्षराला माणसाची खूण जोडून हा शब्द लिहितात. माणसाची अक्कल असलेले यंत्र, असा त्याचा भाव.

आता दादाच्या संगणकावर जे चालते त्याचा मला उलगडा झाला. त्यांच्या गटात कोणी नवा मजकूर प्रणालीत घातला, की तपासणी आपोआप होते. काही बिघडले तर लाल खूण उमटते आणि ते दुरुस्त होईपर्यंत पुढचे काम थांबते. हा धागा तुटल्यावर थांबणारा मागच आहे.

हे सारे मी अण्णांना सांगितले. आमचे माग साधे. आडवा धागा तुटला तर काटा पडून माग थांबतो. पण उभा धागा तुटला तर चालतच राहतो. अण्णांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, माग थांबला तेवढ्या वेळाची मजुरी तुझा तो जपानी कोणाच्या पदरात घालत होता? मी निरुत्तर झाले. आमच्याकडे कामगाराला मीटरवर मजुरी. माग थांबवला तर मीटर कमी, खोट निघाली तर कटती. म्हणून होते असे, की एखादी बारीक खोट दिसली तरी ती घडीत दडवली जाते आणि व्यापाऱ्याच्या तपासणीत निघते. आमच्या कारखान्यातले एक जुने कामगार, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, ते हसून म्हणाले, की धागा तुटला म्हणून मागाला कोणी कटती लावत नाही, आम्हांला लावतात.

मामांच्या या बोलण्यात साऱ्या विषयाचे मर्म आहे, असे मला वाटते. साकिचीचा माग निर्भयपणे थांबे, कारण त्याला शिक्षेचे भय नव्हते. माणसाला ते असते. जी-मागामुळे एका कामगाराकडे तीस माग आले, तेव्हा उरलेल्यांचे काय झाले, हाही प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. त्या काळी जपानच्या गिरण्यांत खेड्यांतून आलेल्या मुली राबत. 1929 मध्ये स्त्रिया आणि मुलांच्या रात्रपाळीवर तिथे बंदी आली आणि मालकांना कमी माणसांत चालणारे माग हवेसे झाले. यंत्र शहाणे झाले म्हणून माणसाचे आपोआप भले होत नाही. ते वेगळे करावे लागते. दादाही सांगत होता, की त्याच्या आधीच्या कंपनीत सकाळची सभा रोज होई, फलकही होता; पण अडले आहे असे म्हणणाऱ्याला सर्वांदेखत झापले जाई. मग सगळ्यांचे सगळे रोज सुरळीत असे आणि काम द्यायच्या दिवशी सगळेच कोसळे.

आता ते दुसरे कारण. गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनातील आमची एकांकिका पुष्कळांना आठवत असेल. शेवटच्या प्रसंगात आगगाडी येते आणि नायक तिच्याकडे धावतो, असा प्रसंग होता. गाडीचा आवाज आलाच नाही. नायक रंगमंचावर कान देऊन उभा राहिला, प्रेक्षक हसू लागले आणि पडदा पडला. नंतर आम्ही दोषी शोधला. ध्वनियंत्रावर बसलेला प्रथम वर्षाचा मुलगा आयताच सापडला. तो पुन्हा आमच्या गटात आला नाही.

तो आवाज ज्या मोबाइलवर होता, तो सभागृहातल्या यंत्राला जोडता येत नाही, हे मला चार दिवस आधी कळले होते. मी बोलले नाही. तालमी रंगात आल्या होत्या, अडचण काढणाऱ्यावर सगळे खेकसत होते, आणि मला वाटले, होईल काहीतरी. धागा तुटलेला मला दिसला होता आणि माग मी चालू दिला. नंतर त्या मुलाला सगळे बोलत होते, तेव्हाही मी गप्प राहिले. साकिचीचे चरित्र वाचताना मला वारंवार तोच प्रसंग आठवत होता.

त्या मुलाची मी या महिन्यात भेट घेतली आणि क्षमा मागितली. तो फार काही बोलला नाही. यंदाच्या एकांकिकेची तालीम सुरू झाली आहे. रोज सुरुवातीला दहा मिनिटे आम्ही गोल उभे राहतो आणि कुठे अडले आहे ते प्रत्येकाने सांगायचे, असा नेम केला आहे. कोणामुळे अडले, हे विचारायचे नाही. कशामुळे अडले, हे विचारायचे. पहिले तीन दिवस कोणीच काही बोलले नाही. चौथ्या दिवशी एकीने भीत भीत सांगितले, की दुसरा प्रवेश तिला अजून पाठ झालेला नाही. आम्ही तालीम तिथेच थांबवली आणि तिच्याबरोबर तो प्रवेश बसून वाचला.